ख्रुश्च: एका स्लाव्ह भुंगेऱ्याच्या नावाचा तपास

सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. १९५५ च्या नोव्हेंबरात ते सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिन यांच्यासह भारतभेटीवर आले, मुंबईलाही येऊन गेले, आणि हे अवघड आडनाव आपल्या वर्तमानपत्रांत रुळले. रशियन किंवा युक्रेनियन माणसाला त्या आडनावात एक किडा सरळ ऐकू येतो. 'ख्रुश्च' म्हणजे मे महिन्यात झाडांवर उतरणारा तपकिरी भुंगेरा. त्याला 'चा' या अर्थाचा 'ओव्ह' (आपण 'एव्ह' लिहितो तो) हा प्रत्यय लागला की झाले 'ख्रुश्चचा', म्हणजे ख्रुश्च असे टोपणनाव पडलेल्या कुणा पूर्वजाच्या घरातला.

आडनावाचा उलगडा इथेच होतो. त्याच्या पोटातला शब्द मात्र सहजासहजी उलगडत नाही. या भुंगेऱ्याला ख्रुश्च का म्हणतात, असे विचारले की 'आवाजावरून' एवढे सांगून बहुतेक जण मोकळे होतात. ते उत्तर खोटे नाही, पण त्याने माझे समाधान होत नाही. कोणता आवाज? कुणी काढलेला? आणि नाव नुसत्या नकलेतून पडले असेल, तर ते पोलंडपासून स्लोव्हेनियापर्यंत ध्वनिनियमांना इतके धरून कसे चालते? या एका शब्दाचा तपास शेवटपर्यंत नेला तर शब्दांची व्युत्पत्ती कशी लावायची आणि कुठे थांबायचे हे दोन्ही नीट दिसते. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो.

किडा कोणता

आधी प्राणी ओळखून घेऊ. शास्त्रीय नाव मेलोलोंथा. लांबी अडीच ते तीन सेंटीमीटर, पाठीवर तांबूस तपकिरी रंगाचे टणक कवच, पोटाच्या कडेला पांढऱ्या त्रिकोणी ठिपक्यांची रांग, डोक्यावर पंख्यासारख्या उलगडणाऱ्या मिशा. नराच्या मिशीला सात पाकळ्या, मादीच्या सहा. आयुष्याची तीन-चार वर्षे तो जमिनीखाली पांढऱ्या जाड अळीच्या रूपात मुळे कुरतडत काढतो, आणि मग एका वसंतात थव्याने बाहेर पडून काही आठवडे ओक, बीच, मेपल आणि फळझाडांची पाने खातो. संध्याकाळ झाली की त्याचे जड घरघरते उड्डाण सुरू होते. सकाळच्या गारठ्यात तो सुस्त असतो. त्या वेळी मध्य युरोपातले शेतकरी झाडे गदागदा हलवून भुंगेरे खाली पाडत, पोत्यांत भरत आणि कोंबड्यांना घालत.

आपल्या ऊस आणि भुईमुगाच्या शेतकऱ्याला हे वर्णन ओळखीचे वाटेल. हुमणीचा भुंगेरा याच्याच उपकुळातला. वळवाच्या पहिल्या पावसानंतर रात्री तो कडुनिंब आणि बाभळीवर जमतो. तेव्हा आपल्याकडेही फांद्या हलवून भुंगेरे पाडतात आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकून मारतात. पाडलेल्या भुंगेऱ्यांवर पाय पडला की जो आवाज होतो, तो ज्याने ऐकला आहे त्याने पुढचे वाचताना तो कानात ठेवावा.

सहा भाषांतली साक्ष

युक्रेनियन: ख्रुश्च. रशियनमध्येही तोच, फक्त शेवटचा 'श्च' आता लांब मऊ 'श्श' असा उच्चारतात. चेक: ख्रोउस्त. स्लोव्हाक: ख्रूस्त. स्लोव्हेनियन: ह्रोश्च. पोलिश: ख्शोंश्च. ऐकायला हे शब्द एकमेकांपासून बरेच लांबचे वाटतात. एकीकडे 'उ', दुसरीकडे 'ओ', तिसरीकडे नाकातून निघणारा 'ओं'. पण हा फरक मनमानीचा नाही, आणि तो नियमाने पडला आहे हे तपासायला आपल्याच घरातला एक शब्द उपयोगी पडतो.

संस्कृत 'पन्थाः', मराठी 'पंथ'. वाट या अर्थाचा हाच शब्द स्लाव्ह भाषांत, म्हणजे रशियन, पोलिश, चेक यांच्या घराण्यात आहे. रशियनमध्ये 'पुत्य', स्लोव्हेनियनमध्ये 'पोत', आणि चेकमध्ये 'पोउत्य', ज्याचा अर्थ आता तीर्थयात्रा. म्हणजे जिथे मूळ भाषेत नाकातून उच्चारलेला स्वर होता तिथे रशियनने 'उ' केला, चेकने लांब असताना 'ओउ' आणि स्लोव्हेनियनने 'ओ'. आता पुत्य, पोउत्य, पोत यांच्याखाली ख्रुश्च, ख्रोउस्त, ह्रोश्च मांडा. स्वर तंतोतंत जुळतात. दुसरी साक्ष हवी असेल तर दात घ्या. वेदांतला 'जम्भ' म्हणजे दात किंवा सुळा. रशियन 'झुब', स्लोव्हेनियन 'झोब', पोलिश 'झोंब' ही त्याचीच भावंडे, आणि पोलिशमध्ये अनुनासिक आजही शाबूत आहे.

तेव्हा पहिला निष्कर्ष पक्का: भुंगेऱ्याच्या नावात मुळात अनुनासिक होते. सगळे स्लाव्ह समाज जवळजवळ एकच भाषा बोलत होते, त्या काळी हे नाव 'ख्रोंश्च' या धर्तीचे होते.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये, कारण आपणही याच वाटेने गेलो आहोत. पञ्च, दन्त, कण्टक यांचे पाच, दात, काटा झाले. मध्ये एक काळ असा होता की उच्चारातून अनुनासिक गेले तरी लिखाणात पांच, दांत, कांटा असा अनुस्वार टिकून होता. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी तो काढला. रशियनने आपल्या 'प्यात्य' या पाच आकड्यातले अनुनासिक हजार वर्षांपूर्वी घालवले. पोलिश माणूस आजही 'प्येंच' म्हणतो. म्हणून स्लाव्ह व्युत्पत्तीत पोलिशची साक्ष नेहमी मोलाची. जुन्या पोथ्यांतल्या अनुस्वारासारखी ती हरवलेल्या उच्चाराची खूण सांभाळून बसलेली आहे.

आणि नेमकी हीच मोलाची साक्ष या प्रकरणात अडचण उभी करते.

पोलिश 'र' का बदलला

पोलिश शब्द ख्शोंश्च असा उच्चारतात, पण लिहिताना 'ख'नंतर 'आर' आणि 'झेड' ही दोन अक्षरे जोडून लिहितात. ही जोडी म्हणजे एकेकाळचा मऊ 'र्य'. पुढे तो घासला जाऊन 'झ' झाला आणि कठोर व्यंजनाशेजारी 'श' झाला. पण 'र' मऊ कधी होतो? पुढचा स्वर 'ए' किंवा 'इ'च्या जातीचा असेल तरच. 'ओ'च्या जातीचा असेल तर 'र' जसाच्या तसा राहतो. वर्तुळाला रशियनमध्ये 'क्रूग' आणि पोलिशमध्ये 'क्रोंग'. तिथे 'र' सुखरूप आहे, कारण मूळ स्वर 'ओं' होता. रांगेला रशियनमध्ये 'र्याद' आणि पोलिशमध्ये 'झोंद'. तिथे 'र'चा 'झ' झाला, कारण मूळ स्वर 'एं' होता.

म्हणजे पोलिश भुंगेरा 'ख्रोंश्च'पासून निघालेला नाही. तसा असता तर पोलिश लोक आज 'ख्रोंश्च'च म्हणाले असते. तो 'ख्रेंश्च'पासून निघाला. स्वर वेगळा, म्हणून शब्द वेगळा, आणि तरी किडा तोच.

नुसत्या नकलेच्या तर्काला इथे पहिला तडा जातो. नक्कल म्हटले की कोणी 'खुर' म्हणावे, कोणी 'खर', आणि विषय संपावा. पण 'एं' आणि 'ओं' ही जोडी स्लाव्ह व्याकरणात सगळीकडे पेरलेली आहे. रशियनमध्ये वाहून नेणे 'व्येझ्ती', पण गाडा 'वोझ'. वाहणे 'त्येच', पण प्रवाह 'तोक'. क्रियापदाच्या धातूत 'ए' आणि त्यापासून केलेल्या नामात 'ओ', हा फार जुना शिरस्ता आहे. अनुनासिकांसह तो पाहायचा असेल तर थरथरणे या अर्थाचा धातू घ्यावा. रशियन क्रियापद 'त्र्यास्ती', पोलिश 'त्शोंश्च', दोन्ही 'एं'चे वारस. त्यापासूनचे रशियन नाम 'त्रुस', 'ओं'चे वारस. त्रुसचा आजचा अर्थ भित्रा, जुन्या धार्मिक भाषेत भूकंप. (संस्कृत 'त्रस्' हा धातू याच्याच नात्यातला मानतात, तेव्हा आपला त्रासही या घरापासून फार लांब नाही.)

आता याच मोजपट्टीने 'ख्रेंस्त' आणि 'ख्रोंस्त' या दोन रूपांचे वारस शोधायचे. मला हा टप्पा सगळ्यात समाधान देणारा वाटतो, कारण शब्दकोश उघडला की वारस एकेक करून पुढे येतात. रशियन 'ख्रुस्त' म्हणजे करकर, बर्फावर पाऊल पडल्याचा आवाज, आणि 'ख्रुस्त्येत्य' म्हणजे तसा आवाज होणे. पोलिश 'ख्शेंस्त' म्हणजे शस्त्रांचा किंवा साखळ्यांचा करकराट. पोलिश 'ख्शोंस्त्का' म्हणजे कूर्चा, मटण खाताना दाताखाली कुरकुरते ते मऊ हाड. रशियन 'ख्र्याश्च' म्हणजेही कूर्चा, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ जाड वाळू, बारीक खडी. चेक 'ख्र्येस्तित' म्हणजे खुळखुळणे. सगळ्यांच्या मुळाशी एकच अनुभव आहे. काहीतरी टणक आणि कोरडे दाताखाली, पायाखाली किंवा एकमेकांवर घासते आणि करकरते.

आता हे शब्द भुंगेऱ्याच्या नावांशेजारी ठेवून पाहा. पोलिश भुंगेरा ख्शोंश्च आणि रशियन कूर्चा ख्र्याश्च, ध्वनिनियमांनी मागे नेले तर दोन्ही एकाच 'ख्रेंश्च'वर येऊन थांबतात. चेक भुंगेरा ख्रोउस्त आणि रशियन करकर ख्रुस्त, दोन्ही एकाच 'ख्रोंस्त'वर. एका देशात जो किडा तो दुसऱ्या देशात हाड, एका देशात जो आवाज तो दुसऱ्या देशात किडा. असा फुलीच्या आकाराचा पुरावा व्युत्पत्तीत क्वचित हाती लागतो. निव्वळ योगायोगाने एक जोडी जुळली असती. दोन जोड्या, तीही स्वरांच्या दोन वेगळ्या पायऱ्यांवर, योगायोगाने जुळत नाहीत.

शेवटच्या 'श्च'चा हिशेबही यातच लागतो. धातूच्या शेवटी 'स्त' होता. त्याला 'य' हा छोटासा प्रत्यय लागला की 'स्त्य', आणि स्लाव्ह भाषांत 'स्त्य'चा 'श्च' होतो. हा 'य' करणाऱ्याचे किंवा साधनाचे नाम बनवतो. नेणे या क्रियापदापासून नेता हा शब्द असाच बनला, खुपसणे या अर्थाच्या धातूपासून सुरीला 'नोझ' हे नाव असेच मिळाले. तेव्हा ख्रुश्च, ह्रोश्च आणि ख्शोंश्च यांचा अर्थ 'करकरणारा'. चेक आणि स्लोव्हाक रूपांत हा 'य' नाही, तिथे 'स्त' तसाच राहिला. त्यांनी आवाजाचे नावच किड्याला देऊन टाकले.

'ख' काय सांगतो

नक्कल हा तर्क अपुरा आहे असे मी म्हणालो, पण तो टाकून द्यायचा नाही. त्याच्या बाजूने सगळ्यात जोरदार बोलतो तो शब्दाचा पहिला वर्ण.

स्लाव्ह भाषांतला 'ख' हा उशिरा जन्मलेला ध्वनी. र, उ, क, इ यांच्यानंतर आलेला जुना 'स' पुढे 'ख' झाला. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ होल्गर पेडरसन यांनी १८९५ मध्ये हे स्पष्ट मांडले. त्याच जागी संस्कृतात 'ष' येतो. आपली 'स्नुषा', जिची मराठीत सून झाली, ती रशियनमध्ये 'स्नोखा' आहे. कोरड्याला रशियनमध्ये 'सुखोय', संस्कृतात 'शुष्क', मराठीत सुका. नाशिकजवळ ओझरला ज्या विमानांची जुळणी होते त्या सुखोईच्या नावाचा अर्थ सुका, कारण विमान रचणाऱ्या पावेल सुखोय यांचे आडनावच ते होते.

पण हा नियम शब्दाच्या पोटात चालतो. शब्दाच्या आरंभी र, उ, क, इ यातले काही आधी नसते, म्हणून तिथे 'ख' यायला नियमाने वाव नाही. तरीही आरंभी 'ख' असलेले स्लाव्ह शब्द भरपूर आहेत. त्यांतले बरेच दोन ढिगांत पडतात. एक उसनवारीचे. रशियनमध्ये पाव म्हणजे 'ख्ल्येब', तो जुन्या जर्मानिक (इंग्रजी-जर्मनच्या घराण्यातल्या) भाषेतून आला, आणि इंग्रजी 'लोफ' त्याचाच भाऊबंद. दुसरा ढीग आवाजाच्या शब्दांचा. घोरणे 'ख्रापेत्य', खदखदून हसणे 'खखातात्य'. भुंगेऱ्याचा शब्द जर्मानिक भाषांतून आल्याची कुठलीही खूण नाही, तेव्हा तो दुसऱ्या ढिगात जातो.

म्हणजे नक्कल झाली ती धातूत. कुणी एका काळी करकर ऐकली आणि 'ख्रेंस्त' म्हटले. एकदा तो धातू भाषेत शिरला की तो इतर धातूंसारखाच राबू लागला. त्याचा स्वर बदलला, त्याला प्रत्यय लागले, त्याच्यापासून हाड, खडी, आवाज आणि किडा अशी नामे झाली. भुंगेऱ्याचे नाव थेट आवाजावरून पडलेले नाही. ते आवाजाच्या क्रियापदावरून व्याकरणाने घडवलेले आहे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, आणि 'आवाजावरून' या एका शब्दात तो बुडून जातो.

भुंगेरा तर गुणगुणतो

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. युक्रेनचा महाकवी तारास शेवचेन्को १८४७ मध्ये पीटर्सबर्गच्या तुरुंगात होता. तिथे त्याने गावाकडच्या संध्याकाळचे जे चित्र रंगवले त्यात चेरीच्या झाडांवर हे ख्रुश्च गुणगुणतात, आणि युक्रेनमध्ये ती ओळ शाळकरी मुलालाही पाठ असते. पोलिश मुले श्चेब्झेशिन गावाच्या नावाने जी जीभ वळवणारी ओळ म्हणतात तिच्यातला ख्शोंश्चही बोरूच्या बेटात गुंजतो. त्या गावाने या किड्याचा वायोलिन वाजवणारा पुतळाही उभारला आहे. करकरल्याचे कुणी सांगत नाही.

शिवाय स्लाव्ह भाषांत भुंगेऱ्यांची इतर नावे गुणगुणण्यावरूनच पडली आहेत. बल्गेरियन 'ब्रम्बार' उच्चारताच घुमतो. सर्बियन 'गुंदेल्य' पुटपुटण्याच्या क्रियापदाशेजारी बसतो. रशियनमध्ये सर्वसाधारण भुंगेऱ्याला 'झुक' म्हणतात, आणि त्याचा संबंध 'झुझ्झात्य', म्हणजे गुंजारव करणे, याच्याशी लावतात. मग ख्रुश्चनेच वेगळा आवाज का उचलावा?

माझे उत्तर असे की वेगळा आवाज उचलला म्हणूनच हे नाव टिकले. उडणारे सगळेच किडे गुणगुणतात. माशी, गांधीलमाशी, भुंगा, कुणालाही ते नाव देता येईल. टणक कवचाचा, हातात धरला तर नखाखाली करकरणारा, पाडलेल्या ढिगात पाय पडला तर कुरकुरणारा किडा मात्र हाच. नाव देणाऱ्याने उडत्या भुंगेऱ्यापेक्षा पकडलेल्या भुंगेऱ्याकडे पाहिले. कूर्चा आणि खडी ही त्याच धातूची इतर अपत्ये हेच सांगतात. दोन्हींचा स्वतःचा आवाज नसतो. दाबले, चावले, तुडवले की मग त्या बोलतात. भुंगेराही या यादीत बसतो तो दबणारी टणक वस्तू म्हणून.

दोन पर्याय, आणि ते का टिकत नाहीत

पहिला पर्याय विचार करायला लावणारा आहे. लिथुआनियन भाषेत कूर्चेला 'क्रेम्झ्ले' आणि चावण्याला 'क्राम्तीती' म्हणतात. बाल्टिक भाषा स्लाव्ह भाषांच्या सगळ्यात जवळच्या. मग मूळ अर्थ 'चावणारा, कुरतडणारा' असा धरता येईल. पाने फस्त करणाऱ्या किड्याला तो शोभेलही, आणि मग नकलेची गरजच उरणार नाही. अडचण पहिल्या वर्णाची. लिथुआनियन 'क'समोर स्लाव्ह भाषांत 'क'च यायला हवा, 'ख' नाही. ही दरी भरायला मध्ये 'स्क'सारखे एखादे जोडाक्षर कल्पावे लागते. करकरणाऱ्या वस्तूंसाठी दोन भाषांनी स्वतंत्रपणे जवळपासचे आवाज वापरणे यात अवघड काहीच नाही. आपल्याकडेही कराकरा चावतात, हाड कुरकुरते, दार करकरते, म्हणून मराठी लिथुआनियनची बहीण ठरत नाही. असे साम्य नात्याचा पुरावा म्हणून मी घेत नाही. नाते मानायचेच तर ते फार तर धातूपर्यंत मानावे. किड्याचे नाव स्लाव्हांनीच घडवले, यात त्याने फरक पडत नाही.

दुसरा पर्याय कानाला गोड आणि पूर्ण चुकीचा. पोलिशमध्ये 'ख्रुस्त' म्हणजे काटक्या, सरपण. चेक ख्रोउस्तशी त्याचे साम्य इतके की काटक्यांत राहणारा म्हणून भुंगेऱ्याला ते नाव मिळाले असे कुणालाही वाटावे. पण पोलिश शब्दात अनुनासिक नाही. जी भाषा अनुनासिके जपते तिच्यातच ते नसेल, तर मुळात ते नव्हते. शिवाय सरपणाच्या शब्दाचे रशियन रूप 'ख्वोरस्त' आहे, त्यात 'ख'पाठोपाठ 'व' येतो. घराणेच वेगळे. एका अनुनासिकाने एवढा सुंदर दिसणारा तर्क मोडून पडतो, आणि स्लाव्ह व्युत्पत्ती शिकणाऱ्याला हे उदाहरण मी पहिल्याच दिवशी दाखवीन.

शब्दकोशात तो कसा उतरला

या तपासाचा बराचसा कच्चा माल मॅक्स फास्मर यांच्या पिढीने गोळा केला. १८८६ मध्ये पीटर्सबर्गमध्ये जन्मलेल्या या जर्मन विद्वानाने आयुष्यभर रशियन शब्दांच्या व्युत्पत्तीची टिपणे जमवली. जानेवारी १९४४ मध्ये बर्लिनवरच्या बॉम्बहल्ल्यात त्यांचे ग्रंथालय आणि टिपणे जळाली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, आणि १९५० ते १९५८ या काळात हायडलबर्गहून त्यांचा तीन खंडांचा रशियन व्युत्पत्तिकोश बाहेर पडला. ओलेग त्रुबाचोव्ह यांनी त्याचे रशियन भाषांतर करताना भर घातली आणि तो चार खंडांत १९६४ ते १९७३ दरम्यान छापला गेला. याच त्रुबाचोव्ह यांच्या संपादनाखाली १९७४ पासून सगळ्या स्लाव्ह भाषांचा समाईक शब्दनिधी मांडणारा मोठा कोश निघू लागला. जळून गेलेली टिपणे पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसलेल्या माणसाबद्दल मला आदर वाटतो तो निव्वळ विद्वत्तेचा नाही. ख्रुश्चसारख्या चिमुकल्या नोंदींसाठीही ते पुन्हा बसले होते.

अशा कोशात एका नोंदीखाली सगळी रूपे एकत्र देण्याची सोय असते आणि मोहही. या शब्दाच्या बाबतीत दोन नोंदी असाव्यात असे मी म्हणेन. एक 'ओं'ची, तिच्याखाली पूर्व आणि दक्षिणेची रूपे, आणि चेक-स्लोव्हाक रूपे त्यांच्या 'स्त'सह. दुसरी 'एं'ची, तिच्याखाली पोलिश. सगळे एकत्र बांधले तर पोलिश रूप अपवाद वाटू लागते. वेगळे ठेवले की कळते, एकाच धातूपासून दोन ठिकाणी दोन वेळा तोच किडा नामकरणाला आला.

अर्थही पुढे आपापल्या वाटेने गेला. रशियन, युक्रेनियन आणि चेकमध्ये हे नाव मे महिन्याच्या भुंगेऱ्याला आणि त्याच्या जवळच्या जातींना चिकटून राहिले. पोलिशमध्ये ते पसरून कवचधारी किड्यांच्या संपूर्ण गणाला लागू झाले, आणि मे महिन्याच्या भुंगेऱ्याला 'ख्राबोंश्च' असे वेगळे नाव मिळाले. स्लोव्हेनियनमध्येही ह्रोश्च म्हणजे कुठलाही भुंगेरा, इतका की फोक्सवागनची ती गोल पाठीची जुनी गाडीही तिथे ह्रोश्च. नाव खास किड्यापासून गणाकडे गेले की उलट, हा प्रश्न मी कवचाच्या बाजूने सोडवतो. करकरणे हा गुण सगळ्याच टणक भुंगेऱ्यांचा, पण थव्याने पडून पायाखाली येणारा एकच, म्हणून सुरुवात त्याच्यापासून झाली असावी आणि पोलिश व स्लोव्हेनियनने पुढे त्याचा विस्तार केला असावा.

धातू अजून थकलेला नाही. अमेरिकेतल्या रॅटलस्नेकची ओळख चेक वाचकांना करून द्यायची वेळ आली तेव्हा त्या सापाला नाव मिळाले 'ख्र्येस्तीश', खुळखुळणे या अर्थाच्या त्याच 'ख्र्येस्तित' क्रियापदावरून. स्वराची पायरी 'एं'ची, म्हणजे पोलिश भुंगेऱ्याचीच.